पलीकडच्या खोलीत

आदल्या दिवशी आईने डोळ्यांच्या दवाखान्यात एका पडद्यावरून भांडण काढलं. तिला तपासणीला न्यायचं म्हणून मी ग्रंथालयातून अर्धी रजा घेतली होती आणि आम्ही दोघी भिंतीशी ओळीने जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. एकीने पाय बदलला की दुसरीची खुर्ची हलायची. तिच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते, डोळे मिटून बसा असं बजावलेलं होतं, तरी ती एक डोळा किलकिला करून समोर बघत होती आणि बघता बघता तिने माझ्या मांडीवर चापट मारली. "अगं, हा माझा आहे!" मला वाटलं कुणी ओळखीचं दिसलं. ती तपासणीच्या खोलीच्या दाराला लावलेल्या पडद्याबद्दल बोलत होती. फिकट हिरवी लांबट पानं, मधे मधे विटकरी ठिपके, धुऊन धुऊन कापड पार मऊ पडलेलं. "आणि उलटा लावलाय मेल्यांनी. माझी पानं खालून वर जायची. ही बघ कशी वटवाघळांसारखी लोंबताहेत." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, डोळे मिटून बसा ना." "मिटते गं. पण हा पडदा कुणी लावला ते सांग आधी." "मला नाही माहीत, मी याच आठवड्यात लागलेय कामाला." "मग तुझी चूक नाही," असं म्हणून आईने तिला मोठ्या मनाने माफ केलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "धूसर दिसतंय तरी ओळखलं की नाही? स्वतःचं पोर गर्दीत पाठमोरं ओळखू येतं तसं." मी हसले. शेजारचे एक गृहस्थही डोळे मिटून हसले. इतका साधा दिवस होता तो.

मग छतातल्या स्पीकरवर कुणीतरी वादन लावलं. एकच तंतुवाद्य, संथ, खालच्या सुरात सुरू झालेलं. आईने मान कलती केली आणि उठून उभी राहिली. पर्स माझ्या मांडीवर ठेवली. "कुठे निघालीस?" "बाहेर. इथे डोक्यावर बसून काय ऐकायचं? नुसता आवाज येतो." भिंतीला हात लावत लावत ती बाहेरच्या बोळात गेली. दाराला स्प्रिंग होती, ते तिच्यामागे सावकाश, अगदी बेताने बंद झालं. त्या बंद होण्याकडे बघताना मी तिची पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली. मोठ्या वयात असं व्हायला नको. मांडीवर आईची पर्स घेऊन, केस पिकायला लागलेली मी, दवाखान्याच्या खुर्चीत बसले होते आणि मला एखाद्या शाळकरी मुलीसारखं वाटत होतं, की ही माझ्यामुळेच उठून गेली. तिचा नंबर आला तेव्हा मी बोलवायला बाहेर गेले. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, कपाळ जवळजवळ टेकलेलं, आणि आता मात्र डोळे अगदी शहाण्यासारखे मिटलेले. "आई, नंबर आलाय." तिने न बघताच एक बोट वर केलं. थांब. मी थांबले. वादन संपलं तोवर दुसरंच कुणी आत जाऊन बसलं होतं. "पुढचा माणूस गेला बघ आत," मी जरा चिडून म्हणाले. "जाऊ दे की. त्यालाही डोळेच आहेत." परतताना टॅक्सीत तिने काळा चष्मा लावला होता आणि ती बोटांनी गुडघ्यावर ताल धरून बसली होती. तेव्हा मी विचारणार होते. वाक्य तोंडात तयार होतं. तू माझं वाजवणं ऐकायची नाहीस ती का, एवढंच. तिच्या इमारतीपाशी उतरताना तिने माझा हात धरला, पायरी चाचपली, मी म्हणाले, "उद्या फोन करते," आणि ती म्हणाली, "कर." दुसऱ्या दिवशी फोन आला तो बाबांचा. जेवून आडवी झाली होती, चहाला उठली नाही.

आईचं ऐकणं हे असं होतं. माणसं गाणं ऐकायला पुढच्या रांगेत जागा धरतात, ही सभागृहाच्या बाहेर, जिन्यात उभी राहायची. घरी रेडिओ बाहेरच्या खोलीत आणि ही आतल्या खोलीत, दार लावून. बाबा म्हणायचे, "तुझी आई मलासुद्धा पलीकडच्या खोलीतूनच ऐकते, म्हणून आमचा संसार टिकला." ती म्हणायची, "अहो, तुम्ही जिथे असाल तिथून ऐकू येताच." तिच्या लहानपणी शेजारी कुणी वाजवणारं होतं आणि भिंतीला कान लावून ती ऐकायची, असं मावशी सांगते. भिंत आवाजातला कचरा काढून घेते, सूर तेवढा गाळून पुढे येतो, असं तिचं म्हणणं. हे मला मोठेपणी कळलं, म्हणजे शब्द कळले. लहानपणी कळायचं ते एवढंच की दार बंद होतं.

छापील कापडाच्या कारखान्यात नक्षीच्या खात्यात तिने नोकरीची सगळी वर्षं काढली. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. एका चौकटीत पानंफुलं बसवायची आणि ती चौकट उजवीकडे जिथे संपते तिथेच डावीकडे सुरू व्हायला हवी, वर संपते तिथे खाली, म्हणजे कापडाच्या ताग्यावर ती हजारदा छापली तरी सांधा दिसू नये. याला ते लोक रिपीट म्हणतात. तिचे रिपीट कारखान्यात नावाजलेले होते. सांधा शोधून दाखवा, अशी पैज ती नव्या मुलांशी लावायची. आणि घरी आल्यावर, चहा घेऊन, ती आतल्या खोलीतल्या छोट्या टेबलाशी बसून जे काढायची त्यात एकच नियम होता, एकदा काढलेलं पुन्हा काढायचं नाही. "दिवसभर एकच पान काढते. घरी तरी नको." कारखान्यात कागदाच्या गुंडाळ्यांची शेवटची टोकं टाकून द्यायचे, ती आणायची आणि एकाला एक चिकटवायची. अशी ती एकच लांब पट्टी झाली होती, वीतभर रुंद. रेडिओवर काही चांगलं लागलं की ती ब्रश भिजवायची. वादन चालेल तेवढा वेळ रंगवायची, ते थांबलं की ब्रश खाली. मधेच बातम्या लागल्या तर रेघ मधेच तुटायची. वाळलं की तेवढा भाग गुंडाळून टाकायची आणि मागचं कधी उलगडून बघायची नाही. मी एकदा विचारलं होतं, सगळं मिळून कसं दिसतं हे तुला बघावंसं नाही वाटत? तर म्हणाली, "बघून काय करू? ऐकलेलं काय परत ऐकू येतं?" घरात आलेल्यांना ती गुंडाळी कधी दाखवली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "काही नाही हो, आमच्याकडे कागद फार झालाय."

मी व्हायोलिन शिकायला लागले ते माझ्याच हट्टाने. शाळेच्या वाटेवर एक सर शिकवायचे, मोठ्या मिशांचे, त्या मिशा व्हायोलिनच्या हनुवटीच्या टेकूत अडकायच्या म्हणून आम्ही मुली हसायचो. हट्टामागचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला सूर आवडतात तर आपण सूर काढावेत, म्हणजे ती आपल्याकडे बघेल, असा तो सरळ हिशेब होता. पहिल्यांदा घरी व्हायोलिन आणलं त्या संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत मधोमध उभी राहिले, खांदा ताठ केला, हनुवटी टेकवली, बो तारेवर ठेवला. आईने आपला चहाचा कप उचलला, आत गेली आणि दार लावलं. दाराच्या कडीचा तो आवाज, आधी एक बारीक कुरकुर आणि मग टक्, मला अजून कुठल्याही दाराशी ऐकू येतो. बाबा वर्तमानपत्रामागे बसून राहिले. मी वाजवलं, बाबांनी टाळ्या वाजवल्या, आई आतच. दुसऱ्या दिवशी तसंच. मग रोजच. मला वाटलं नीट वाजायला लागल्यावर दार उघडेल. म्हणून मी रियाज वाढवला. शिकवणीच्या एका तुकड्यात सूर पायरीपायरीने वर चढत जायचे आणि सर्वांत वरच्या सुराला माझी करंगळी पुरायची नाही. दर वेळी तिथे येऊन सूर कच्चा लागायचा, खाली पडायचा. मी पहिल्यापासून सुरुवात करायची. पुन्हा पडायची. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काय गं, तुझा जिना चढून झाला का? आम्ही इकडे खाली उभे आहोत कधीचे." मी हसायचे आणि घरी येऊन त्याच पायरीवरून पडायचे, आणि प्रत्येक पडण्याबरोबर मला ते बंद दार दिसायचं आणि दारामागे कानांवर हात ठेवून बसलेली आई दिसायची. तसं तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. पण न पाहिलेलं किती स्पष्ट दिसतं.

मग एका वर्षी, परीक्षा जवळ आली तेव्हा, मी जेवताना सांगितलं की मी व्हायोलिन सोडते. अभ्यास फार आहे. बाबा म्हणाले, "अगं, आठवड्यातून एकदा तरी..." आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या अंगठ्याला निळा रंग लागलेला होता, तो तिने दुसऱ्या हाताच्या नखाने खरवडला आणि म्हणाली, "बरं." एवढंच. मी ताटाकडे बघत किती वेळ थांबले होते ते मला आठवतं. पुढे आणखी काही येईल म्हणून. ती पाणी आणायला उठली. दुसऱ्या दिवशी व्हायोलिनची पेटी ओल्या फडक्याने पुसून कपाटावर ठेवलेली होती. पुढे मी शिकले, नोकरीला लागले, शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची जागा घेऊन राहू लागले, पुष्कळ वाचलं. आया आणि मुली यांच्याविषयी जगात इतकं लिहून ठेवलंय की एखादीला आपल्या आईशी बोलण्याची गरज उरू नये. पुस्तकात दुसऱ्यांच्या आया सापडायच्या. मी दर रविवारी घरी जायचे, आम्ही दोघी भाजी निवडायचो, कारखान्यातल्या लोकांच्या नकला करून ती मला हसवायची. आमचं चांगलं होतं. म्हणूनच विचारता येत नव्हतं. चांगल्या चाललेल्या घरात असल्या जुन्या गोष्टी काढायला निमित्त मिळत नाही.

सगळं आटोपल्यावर मावशी पुन्हा आली. आईची धाकटी बहीण, बोलकी, आमच्या घरातली सगळी न बोललेली वाक्यं तिच्या वाट्याला गेली असावीत अशी. ती कपाट आवरायला आली होती आणि तिने ती गुंडाळी बाहेर काढली. दोन्ही हातांत मावेना इतकी जाड झाली होती. "भाऊजी, हे असंच ठेवलं तर कसर लागेल. मी म्हणते, याचे तुकडे करू, फ्रेमा करू. एक तुम्हाला, एक मला, एक हिला, बाकीचे नातेवाइकांत देऊ. घराघरात ताई राहील." बाबा म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." आई गेल्यापासून ते सगळ्यालाच हे म्हणत होते. मावशी माझ्याकडे वळली. "तू आधी निवड. तुझा पहिला मान." मला नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणण्यासाठी कारण लागतं आणि माझ्याकडचं कारण मावशीसमोर मांडण्यासारखं नव्हतं. मला एवढंच बघायचं होतं, की या सगळ्या लांबीत मी कुठे आहे का. माझ्या व्हायोलिनच्या वर्षांत ती दारामागे काय करत होती. ती कान झाकून बसली असेल तर तेवढा कागद दुसऱ्याच कसल्या तरी सुरांनी भरलेला असेल, आणि मग मावशीने त्याचे हवे तेवढे तुकडे करावेत. मी म्हणाले, "आधी पूर्ण बघू."

घरात एवढी लांब जागा नव्हती. आम्ही इमारतीच्या मधल्या बोळात ती पट्टी पसरायला घेतली. बाबांनी टोकावर आपल्या चपला ठेवल्या, मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मी गुडघ्यांवर बसून गुंडाळी पुढे ढकलू लागले. जुनं आत, नवं बाहेर, त्यामुळे पहिल्यांदा शेवटचं दिसलं. पिवळ्याचा एक पट्टा, अर्ध्यावर थांबलेला, ब्रशाचे केस शेवटी फिसकारलेले. मग मागची वर्षं येऊ लागली. काय होतं त्यात ते सांगणं अवघड आहे. पानंफुलं नव्हती, कारखान्यातलं काहीच नव्हतं. कुठे करड्या रंगाचं लांब वाहणं आणि त्यात एकच लाल टिंब. कुठे एकमेकींना न शिवणाऱ्या बारीक रेघा, कुठे पाण्याने पसरू दिलेला जांभळा. काही हात लांबीत फक्त पांढऱ्यावर पांढरं. मागून पुढून कुठेही काही दुसऱ्यांदा आलेलं नव्हतं. शेजारचा एक मुलगा सायकल घेऊन आला, त्याने ती उचलून कडेने नेली. काकू, आता फार म्हाताऱ्या झालेल्या, दारात खुर्ची घेऊन बसल्या. "हे सगळं ती केव्हा करायची गं?" "तुम्ही रेडिओ ऐकायचात तेव्हा," बाबा म्हणाले. मावशी चालत चालत निवडत होती, "हा जांभळा मला. हा करडा मोठ्या दादाला देऊ, त्याच्या सोफ्याला जाईल." मी ढकलत होते. मला माझी नोकरी लागलेली वर्षं, कॉलेजची वर्षं हाताखालून जाताना कागदाच्या पिवळेपणावरून कळत होती आणि माझा हात सावकाश होत होता. निकाल लागायच्या दिवशी फलकाकडे जाताना पावलं व्हायची तसा.

आणि मग ती रेघ आली. डावीकडून उजवीकडे पायरीपायरीने वर चढणारी आणि सर्वांत वर पोचायच्या जरा आधी खाली पडणारी. आधी एकदाच आली, फिकट, जवळजवळ पाणीच. हातभर पुढे पुन्हा. मग आणखी जवळ, मग सलग. हिरवी, तपकिरी, निळी, तीच चढण, तेच पडणं. कागदाच्या खालून वरपर्यंत, एकीखाली एक, बोळाच्या वळणापर्यंत. मी ढकलायचं थांबले. करंगळी दुखायला लागली, खरंच, सांध्यात. "अगबाई," मावशी वाकून म्हणाली, "इथे ताईला कंटाळा आला वाटतं. सगळं तेच तेच. हा भाग काढून टाकला तरी चालेल, भाऊजी. फ्रेमेत काही शोभायचा नाही." बाबा चपला तिथेच सोडून अनवाणी चालत माझ्यापाशी आले आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. "हा तुझा जिना," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बघितलं आज. पण ऐकलेला आहे ना मी रोज." त्यांनी त्या पहिल्या फिकट रेघांवर हात ठेवला, गुंडाळी उलगडताना आधी आलेल्या, म्हणजे खरं तर शेवटच्या. "या बहुतेक तू सोडल्यानंतरच्या. तू परीक्षेसाठी संध्याकाळच्या शिकवणीला जायचीस तेव्हा. ही आत जाऊन दार लावून बसायची आणि रेडिओ काही लावायची नाही. मी एकदा म्हटलं, अहो बाई, आज काय मुक्याने चाललंय? तर म्हणाली, गप्प बसा जरा, येतंय ऐकू."

मी गुंडाळी हातातून सोडली. मग माझा आवाज मलाच चढा वाटला. "मग तिने मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तू म्हणालीस अभ्यास आहे. तिला वाटलं तुला कंटाळा आला. पोरीवर आपली आवड लादायची नाही, असं होतं तिचं."

"ती फक्त बरं म्हणाली."

"रात्रभर झोपली नव्हती," बाबा म्हणाले. "पण म्हणाली ते बरं एवढंच. हे खरं."

मावशी आमच्याकडे बघत होती. तिच्या हातात फ्रेमवाल्याकडून आणलेली मोजपट्टी होती. "काय झालं?" तिने विचारलं, आणि मग बाबांनी मान हलवल्यावर, तिला काय समजलं कुणास ठाऊक, पण तिने मोजपट्टी गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि काकूंपाशी जाऊन उभी राहिली. "नाही कापायचं यातलं काही," मी म्हणाले. "नाही गं कापत," मावशी हळूच म्हणाली, तिचा इतका हळू आवाज मी प्रथमच ऐकला.

समाधान वाटायला हवं होतं. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते खोटं निघालं होतं. तिने कान झाकले नव्हते. तिने माझं प्रत्येक पडणं घेतलं होतं, जपून, रंग बदलून बदलून, स्वतःचा एकमेव नियम मोडून. पण मला समाधान वाटेना. आत काहीतरी नव्याने फाटत होतं. दारामागे ती होती आणि दारापुढे मी होते, आणि दोघींपैकी कुणालाही कडीला हात लावायचं सुचलं नाही. ज्या बंद दाराला ती सुरांचा आदर समजत होती त्याच्यापुढे मी एकटी उभी राहून रडू गिळत होते, वर्षानुवर्षं. तिचं ऐकणं मोठं असेल. पण मला तेव्हा ऐकणारी बाई नको होती, मला बाहेरच्या खोलीत, चटईवर, माझ्यासमोर मांडी घालून बसलेली आई हवी होती, कच्च्या सुराला चेहरा वाकडा करणारी चालली असती. मी त्या रेघांवर वाकले. कागदाला जुन्या डिंकाचा वास होता. बाबा माझ्या शेजारी बसले होते, काकू दारात, मावशी त्यांच्यामागे, आणि या सगळ्यांसमोर, कुणालाही न सांगितलेलं ते मी मोठ्याने म्हणाले.

"आई, अभ्यासबिभ्यास काही नव्हता गं. मी सोडलं की तू बाहेर येशील असं मला वाटलं होतं. दार उघडून येशील आणि म्हणशील, का थांबलीस, वाजव ना."